गुरुजींना विचारा : काट्याची भूक

सलाम. आमच्याकडे वेचणी सुरू आहे, त्यामुळे यावेळची उत्तरं रात्री जेवणं झाल्यावर, बोंडांच्या टोकांनी ओरबाडलेल्या बोटांनी लिहिली आहेत. अक्षर वाकडं होतं, संपादकांनी सांभाळून घेतलं. आलेल्या पत्रांपैकी चार पत्रं एकाच गोष्टीभोवती, आत्मपरीक्षणाभोवती, फिरणारी होती, म्हणून तीच घेतली.

पत्र पहिलं

"गुरुजी, सलाम. मी अठ्ठावीस वर्षांचा आहे, घरी बायको आणि एक लेकरू आहे. तालुक्याला खत-बियाण्यांच्या दुकानात कामाला आहे, रोज एसटीनं जाऊन-येऊन करतो. नव्या वर्षाच्या उपासनेत पाळकसाहेब म्हणाले, रोज रात्री आत्मपरीक्षण करत जा. मी वही केली. दहा प्रश्न लिहिले. प्रार्थना केली का, शास्त्र वाचलं का, राग आला का, मोबाईलवर नको ते पाहिलं का, खोटं बोललो का, असे. समोर बरोबरची खूण नाहीतर फुली. संक्रांतीपर्यंत जमलं. मग रोज त्याच फुल्या त्याच जागी यायला लागल्या आणि वहीची लाज वाटायला लागली. आता ती पलंगाखालच्या पेटीत आहे. दोनदा काढली, दोनदा परत ठेवली. माझा विश्वासच कमी पडतो का?"
— एक तरुण वाचक, यवतमाळ जिल्हा

बाळा, तुझ्या वहीत फुल्या तरी आहेत. माझ्या वहीत सहा वर्षं सगळं बरोबरच होतं. आधी त्या वहीचं सांगतो, मग तुझ्या वहीकडे येऊ.

वहीचं खूळ माझ्या डोक्यात यवतमाळला शिरलं. तिथं १९५३ पासून युनियन बिब्लिकल सेमिनरी, म्हणजे पाळक घडवणारं विद्यालय, होती. १९८३ मध्ये ती पुण्याला हलली. त्याआधीच्या एका उन्हाळ्यात आम्हा पोरांना तिथं चार दिवस शिबिराला नेलं होतं. एका सरांनी जॉन वेस्ली या इंग्लंडमधल्या धर्मोपदेशकाची गोष्ट सांगितली. १७२९ च्या सुमारास ऑक्सफर्डमध्ये तो, त्याचा भाऊ चार्ल्स आणि आणखी काही विद्यार्थी एकत्र बसायला लागले. शास्त्र वाचायचे, उपास करायचे, तुरुंगात कैद्यांना भेटायला जायचे आणि स्वतःला प्रश्न विचारून उत्तरं लिहून ठेवायचे. पुढं पुढं तर वेस्ली तासातासाची नोंद ठेवी, तीही सांकेतिक अक्षरांत. मला ते फार आवडलं. ज्या पोराला पुढं मास्तर व्हायचंय त्याला रकाने आवडणारच. सरांनी गोष्टीचा उरलेला अर्धा भागही सांगितला होता. तो मात्र मी विसरून गेलो.

नोकरी लागली, जिल्हा परिषदेची शाळा, आणि घरची पाच एकर कोरडवाहू. वही कधी धरली, कधी सुटली. मग मात्र सलग सहा वर्षं चालली. त्यातल्या शेवटच्या वर्षीची दिवाळी उलटली होती. वेचाईचा भाव तेव्हा किलोला चार रुपये. संध्याकाळी धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, लिंबाच्या फांदीला ताणकाटा टांगायचा, बाया आपापली गाठोडी घेऊन उभ्या राहायच्या, मी काटा वाचायचा आणि मजुरीच्या वहीत आकडा मांडायचा. दर गाठोड्यामागं एक किलो कडता, म्हणजे वजनातून वजा. लुगड्याचं वजन, पाला, कवडी, दवाची ओल, सगळं त्या एका किलोत. हा कडता माझ्या वडिलांपासून चालत आलेला. गावात सगळेच धरायचे.

त्यांच्यात एक म्हातारी होती, वेचायला सगळ्यांत चपळ. एका संध्याकाळी गाठोडं उतरवता उतरवता म्हणाली, "गुरुजी, तुमचा काटा रोज किलोभर कापूस खाते. त्याचं पोट कवा भरन?"

बाया हसल्या. मीही हसलो.

घरी आलो, जेवलो, दुसरी वही उघडली, देवाची. ते पान अजून माझ्याकडे आहे. "सकाळी मनन झाले. शाळेत रागावलो नाही. संडे स्कूलची तयारी केली. दशांश बाजूला काढला. धन्यवाद प्रभू." पेनाला टोपण लावलं, आडवा झालो, पण झोप काही येईना.

शेवटी उठलो. ओसरीत कापूस ढिगावर ओतलेला, लुगडी एका कोपऱ्यात टाकलेली. एक लुगडं उचललं, घडी केली, काट्याला टांगलं आणि बॅटरी मारली. काटा अर्ध्या किलोलाही पोचला नाही. दुसरं टांगलं, तेही तेवढंच. आठही टांगून पाहिली. खुडबुडीनं बायको उठून आली, म्हणाली, "चोर शिरला काय घरात?" मी तिला काट्याकडे बोट करून दाखवलं. तिला हिशेब लगेच कळला, माझ्याआधी. तिचं माहेर मजुरी करणाऱ्यांचं.

पाला आणि ओल धरली तरी कडत्यातला अर्ध्याहून जास्त भाग म्हणजे त्या बायांची बुडवलेली मजुरी होती. आठ बाया, हंगामाचे वीसेक दिवस, सहा वर्षं. सगळी बेरीज दोन हजारांच्या आतच आली. तेवढ्याशा पैशासाठी! लूकच्या एकोणिसाव्या अध्यायात जक्कय नावाचा जकातदार झाडावरून उतरतो आणि चौपट परत देईन म्हणतो. माझी चौपटीची छाती झाली नाही, मी दुप्पट दिले. एक बाई तोवर वारली होती, तिच्या सुनेच्या हातावर ठेवले. ती "कशाचे" म्हणून विचारत राहिली आणि ते तोंडानं सांगणं पैसे देण्यापेक्षा जड गेलं. म्हातारीनं नोटा मोजल्या, पदराला गाठ मारली, म्हणाली, "काट्याले तेल बी द्या, गंजला हाय." तेव्हापासून काटा मी वाचत नाही. आधी तिची शाळेतली नात वाचायची, आता दुसरी एक पोरगी वाचते. मी फक्त लिहून घेतो.

आता सांग, सहा वर्षं रोज रात्री स्वतःला तपासणाऱ्या माणसाला हे दिसलं कसं नाही? माझ्या धंद्याच्या भाषेत सांगतो. पेपर मीच काढत होतो, मीच सोडवत होतो आणि मीच तपासत होतो. त्यात नापास कोण होतो? आणि काट्याचा प्रश्न पेपरात येणारच नाही याची काळजी मनानं परस्पर घेतली होती. लूकच्या अठराव्या अध्यायातला परूशी, नियम काटेकोर पाळणारा, मंदिरात प्रार्थना करताना असंच तर करतो. आठवड्यातून दोन उपास, मिळकतीचा दशांश. त्यातलं एकही वाक्य खोटं नाही. त्याच वेळी तिथं आलेल्या जकातदाराजवळ यादी नाही, खूण नाही, फुली नाही. त्यानं उर बडवून देवाकडे दया मागितली आणि नीतिमान ठरून घरी गेला.

म्हणून मला आत्मपरीक्षण या शब्दापेक्षा आपल्या मराठी शास्त्रातल्या १३९ व्या स्तोत्रातला शब्द बरा वाटतो. शेवटी शेवटी दावीद म्हणतो, "हे देवा, माझी झडती घेऊन माझे हृदय जाण." झडती! गावात पोलीस आले की ऐकू येणारा शब्द. आपल्या घराची झडती आपण घेत नसतो. कणगीमागं काय ठेवलंय ते आपल्याला ठाऊक असतं, म्हणून आपण कणगी सोडून सगळीकडे शोधतो. झडती दुसरा घेतो. आपलं काम दार उघडायचं आणि बाजूला उभं राहायचं. आणि ज्याला आपण बोलावतोय तो त्याच स्तोत्राच्या सुरुवातीला म्हटल्याप्रमाणं आपलं बसणं-उठणं आधीच जाणून आहे. त्याला नवीन काही सापडणार नसतं. सापडतं ते आपल्याला.

२०१७ चा हंगाम तुला आठवत असेल, गुलाबी बोंडअळीचा. माझी पऱ्हाटी रस्त्यावरून पाहणाऱ्याला हिरवीगार दिसत होती. ही अळी बारीक असताना बोंडात शिरते आणि तिनं पाडलेलं छिद्र मग बुजून जातं. बाहेरून बोंड टणक, निरोगी. म्हणून तर कृषीवाले सांगतात, की वावरात फिरून वीस हिरवी बोंडं तोडा आणि फोडून पाहा. दोनांत अळी निघाली तर फवारणीची वेळ झाली. तू दुकानात आहेस, तूच लोकांना हे सांगत असशील. त्यात दोन गोष्टी मला शिकण्यासारख्या वाटतात. एक, वरून पाहून भागत नाही. दुसरी, वीसच बोंडं फोडायची असतात. सगळं वावर फोडत सुटलास तर अळीनं जे खाल्लं नसतं ते तू नासवशील. रोज दहा प्रश्न म्हणजे रोज सगळं वावर फोडणं.

आता तुझी वही. दहातले पाच प्रश्न तू मला लिहिलेस. उरलेल्या पाचांत असलं तर माफ कर, पण या पाचांत दुकान कुठंच नाही. दिवसाचे नऊ-दहा तास तू जिथं उभा असतोस तीच जागा नाही. युरियाच्या पोत्यासोबत नको असलेली बाटली कोणाच्या गळ्यात मारलीस का? अंगठा उठवणाऱ्या म्हाताऱ्याला बिल दिलंस का? मालक सांगतो तसं तुला करावं लागतं हे मला कळतं, आणि घरी लेकरू आहे हेही कळतं. मी तुला उद्या नोकरी सोड म्हणत नाही. पण देवासमोर बसताना दुकान बाहेर ठेवून बसू नकोस. तुझ्या फुल्या रोज त्याच जागी येतात त्याचं कारण मला हेच दिसतं, की शोध रोज त्याच जागी चाललाय.

मी काय करतो ते सांगतो. घे किंवा सोड.

जेवण झालं की ओसरीत दहा मिनिटं, घड्याळ लावून. आधी दिवसातल्या दोन-तीन गोष्टींसाठी आभार, पण नावानिशी: नातीनं न सांगता पाणी आणून दिलं, बैलाच्या पायाची सूज उतरली. मग म्हणतो, प्रभू, दिवा तू धर. मग दिवस जागांनुसार आठवतो, पापांनुसार नाही. गोठा, वावर, चौक, घर. प्रत्येक जागी कोणाचे तरी चेहरे असतात. एखाद्या चेहऱ्यापाशी मन घाईघाईनं पुढं सरकायला बघतं. तिथंच थांबायचं. मला तरी देव बहुतेक वेळा त्या घाईतच सापडला आहे. मग वहीत एकच ओळ. तिच्याखाली उद्या कोणाकडे जायचं किंवा काय परत करायचं ते. शेवटी योहानाच्या पहिल्या पत्रातलं पहिल्या अध्यायाचं नववं वचन म्हणतो, की आपण पापं पदरी घेतली तर तो विश्वसनीय व न्यायी आहे, क्षमा करील, आणि झोपतो. पदरी घेतलेलं पाप दुसऱ्या रात्री परत उकरायचं नाही. उकरलं तर तो क्षमेवरचा अविश्वास झाला, आणि त्याचा रकाना तुझ्या वहीत नव्हता, माझ्याही नव्हता.

ही पद्धत माझ्या डोक्यातून निघालेली नाही, हे कबूल करायला हवं. लोयोलाचा इग्नेशियस, स्पेनमधला, आधी शिपाईगिरी करणारा. पायाला तोफेचा गोळा लागून अंथरुणाला खिळला तेव्हा मन देवाकडे वळलं. १५४८ मध्ये छापल्या गेलेल्या त्याच्या पुस्तिकेत जवळपास हाच क्रम आहे: आभार, प्रकाश मागणं, दिवस तासातासानं पाहणं, क्षमा, उद्याचा निश्चय. वहीही त्यात आहे! एकच दोष निवडायचा, आठवड्याच्या दर दिवसाला दोन रेघा ओढायच्या, जितक्या वेळा घसरलो तितके ठिपके, आणि कालच्या रेघेशी आजची ताडून पाहायची. एका वेळी एक दोष, तुझ्यासारखे दहा नाहीत. आमच्या मंडळीत काही जण "हे कॅथलिकांचं" म्हणून नाक मुरडतात. मुरडोत. आमच्या घरी पोळ्याला बैल शेजाऱ्याच्या विहिरीवर धुतात. पाणी कोणाचं, हे बैल विचारत नाही.

आणि वेस्लीच्या गोष्टीचा राहिलेला अर्धा भाग. नऊएक वर्षं नियम पाळून, नोंदी ठेवून, समुद्रापार अमेरिकेत धर्मसेवा करून तो माणूस आतून कोरडाच परतला. मग २४ मे १७३८ च्या संध्याकाळी लंडनच्या ऑल्डर्सगेट स्ट्रीटवरच्या एका बैठकीत, मन नसताना, जाऊन बसला. तिथं रोमकरांस पत्रावरची, धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरची प्रस्तावना कोणीतरी वाचत होतं. ऐकता ऐकता त्याला वाटलं, आपलं हृदय विलक्षण ऊबदार झालं आहे; आपण तारणासाठी फक्त ख्रिस्तावर भरवसा ठेवतो आहोत आणि त्यानं आपली, हो, आपलीसुद्धा पापं दूर केली आहेत. त्यानंतरही तो नोंदी लिहीतच राहिला, मरेपर्यंत. वहीकडून तारण मागायचं तेवढं सोडलं.

पेटीतून वही काढ. आधीची पानं फाडू नकोस, लाज वाटली तर वाटू दे. दहा प्रश्नांवर रेघ मार. आणि रविवारी एखाद्या वडीलधाऱ्याला, नाहीतर बायकोलाच, त्या आठवड्याची एक ओळ वाचून दाखव. काटा दुसऱ्याला वाचू दे.

पत्र दुसरं

"गुरुजी, आमच्या मालकांनी तीन वर्षांपूर्वी कर्जापायी जीव दिला. त्या सकाळी माझं त्यांच्याशी भांडण झालं होतं, मुलीच्या फीवरून. मी रोज रात्री स्वतःला तपासते आणि रोज तिथंच येऊन थांबते. माझ्या कोणत्या पापामुळं हे झालं ते देव मला दाखवत नाही. अजून किती शोधू?"
— एक भगिनी

ताई, शोधू नका. आजपासून रात्रीचं हे तपासणं बंद. मी वर जे लिहिलं आहे ते तुमच्यासाठी नाही, निदान आत्ता नाही. बोंडं फोडायची म्हटलं ते उभ्या पिकाबद्दल. गारपिटीनं झोडपलेल्या वावरात कोणी अळ्या मोजायला जात नाही.

शिलोहाचा बुरूज अठरा माणसांवर कोसळला होता, लूकच्या तेराव्या अध्यायात. येशूनंच लोकांना विचारलं, ते मेलेले बाकीच्या यरुशलेमकरांपेक्षा जास्त अपराधी होते असं तुम्हाला वाटतं काय? आणि उत्तरही त्यानंच दिलं: नाही. जन्मांधाला पाहून शिष्यांनी विचारलं, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापाचं? तिथंही तो म्हणाला, याचंही नाही, आईबापाचंही नाही. पाप शोधण्याची ती सवय त्यानं शिष्यांच्याच तोंडावर मोडली.

त्या सकाळी भांडण झालं. कडू बोलला असाल. ते चूक असेल तर ती चूक भांडणाएवढी आहे, मरणाएवढी नाही. आपल्याकडे फीवरून, किराण्यावरून, बियाण्यावरून न भांडणारं घर मला दाखवा. कर्ज होतं, दोन साल पीक गेलं असेल, भाव पडला असेल, मनात काय चाललंय ते माणसानं कोणाला सांगितलं नसेल. एवढं सगळं एका भांडणाच्या खुंटीला टांगू नका, ती खुंटी तुमच्या छातीत ठोकलेली आहे.

योहान आपल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात लिहितो, आपलं मन आपल्याला दोषी ठरवतं तेव्हाही देव आपल्या मनापेक्षा थोर आहे, आणि त्याला सगळं ठाऊक आहे. तुमचं मन रोज रात्री न्यायाधीश होऊन बसतं. त्या खुर्चीवर बसायचा अधिकार त्याला नाही.

झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, आपणही जावं असं कधी मनात येत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. त्यात विश्वासाला कमीपणा नाही. लूक स्वतः वैद्य होता. नीट लिहून घ्या, १४४१६ हा सरकारचा टेली-मानस क्रमांक आहे, चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि रात्री त्या वेळेला एकट्या बसू नका. मुलीला म्हणावं, २३ वं स्तोत्र मोठ्यानं वाच. तुम्ही फक्त ऐका.

पत्र तिसरं

"मी गावातल्या संडे स्कूलला शिकवते. लहान मुलांना आत्मपरीक्षण कसं शिकवावं?"
— एक शिक्षिका, दारव्हा तालुका

बाई, यादी करायला लावू नका एवढंच. मी एकदा लावली होती. एका पोरानं लिहिलं, "मी शेजारच्यांची शेळी चोरली." चौकशी केली तर शेळी जागेवर! रडत म्हणाला, सगळ्यांनी काही ना काही लिहिलं होतं, मला काहीच सुचेना.

त्यांना दोनच गोष्टी विचारा. आज तुला कोणी मदत केली? आज तुझ्यामुळं कोण रडलं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं तर लगेच, त्याच वेळी, त्या पोराकडे पाठवा. माफी मागायला नाही जमलं तर बोरं घेऊन पाठवा. आणि कधीमधी तुमचंही उत्तर त्यांच्यासमोर द्या. मी एकदा म्हटलं, काल मी तुमच्यापैकी एकाला उगीच छडी मारली. वर्गात जी शांतता पसरली तशी मला पुढं कधी मिळाली नाही.

पत्र चौथं

"गुरुजी, प्रभुभोजनाच्या, म्हणजे मंडळीत एकत्र भाकर घेण्याच्या विधीच्या, आधी स्वतःची परीक्षा करा असं पौल सांगतो. माझं धाकट्या भावाशी धुऱ्यावरून बोलणं बंद आहे, पाच वर्षं. तो दर साली वखर थोडा अलीकडे आणतो. मन साफ नाही म्हणून मी प्रभुभोजन घेत नाही, बाहेर जाऊन उभा राहतो. हे योग्य ना?"
— एक शेतकरी, वणी तालुका

दादा, करिंथकरांस पहिलं पत्र, अकरावा अध्याय, अठ्ठाविसावं वचन पुन्हा वाचा. माणसानं स्वतःची परीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावं, असं आहे. परीक्षा करावी आणि बाहेर जाऊन उभं राहावं असं नाही. जरा वर, एकविसाव्या वचनात, पौल कशावरून चिडलाय तेही पाहा. मंडळीत कोणी पोटभर जेवून उठत होतं, कोणी उपाशी बसत होतं, आणि याचं कोणाला काही वाटत नव्हतं. परीक्षा भावाबद्दलचीच होती. भावाशी नातं मोडलेलं असताना तुम्ही पाच वर्षं भाकर सोडलीत, भांडण मात्र एक दिवसही सोडलं नाहीत.

मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू म्हणतो, वेदीपाशी आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथंच ठेव, आधी जा, समेट कर, मग येऊन दान दे. "तुझ्या मनात त्याच्याविरुद्ध" असं नाही बरं का, "त्याच्या मनात तुझ्याविरुद्ध." तुमच्या पत्रात त्याचा वखर आहे. तुमचा वखर कुठं चालतो ते लिहायचं राहिलं. मी तुमचं वावर पाहिलेलं नाही, पण धुरा एकाच बाजूनं झिजलेला मी अजून पाहिला नाही. कुसळ आणि मुसळाचं तुम्हाला मी काय सांगू.

खरोखर जमीन गेली असेल तर भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज करा, त्यात पाप नाही. मोजणी झाली की खुणा दोघांनी मिळून रोवा. पण अर्ज करायच्या आधी, या सोमवारी सकाळी, तो बैल सोडायच्या वेळेला त्याच्या घरी जा. धुऱ्याचं काढू नका. पोरांचं विचारा, बैलाचं विचारा. चहा देतील. तो घ्या, आणि भावजयीनं साखर कमी टाकली असली तरी काही बोलू नका.